पटकन हो म्हणणारी एजन्सी

अमेरिकेत ओ-पेअर, म्हणजे घरात राहून मुलं सांभाळणारी परदेशी मुलगी, ठेवायची तर यजमान आईबाप एकतर इथले नागरिक हवेत, नाहीतर ग्रीन कार्डवाले. एच-वन-बी व्हिसावर वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत त्यामुळे हा विषय निघतच नसे. आमची रीत ठरलेली होती: सहा महिने माझे आईबाबा, सहा महिने सासू-सासरे. बी-टू व्हिसा, पगार शून्य आणि उपकार जन्मभराचे.

२०१८ मध्ये ग्रीन कार्ड हातात आलं तोवर ही रीत मोडकळीला आली होती. सासऱ्यांची बायपास झाली होती. बाबा आता नव्हते, आणि आईचे गुडघे बॉस्टनच्या बर्फाला कंटाळले होते. "येईन, पण उन्हाळ्यातच येईन," असं तिने बजावलं होतं. मुलगी चार वर्षांची, मुलगा वर्षाचाही नव्हता. तान्ह्या मुलाच्या डेकेअरची फी आमच्या घराच्या हप्त्याशी बरोबरी करायला निघाली होती, आणि डेकेअरमध्ये डोकी मोजतात. ओ-पेअरचं तसं नसतं, दोन मुलं असोत की तीन, खर्च एकच. आम्हाला दोघांनाही हे गणित ताबडतोब आवडलं.

१९८६ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम कागदोपत्री सांस्कृतिक देवाणघेवाणीचा आहे आणि आता तो परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत येतो. १८ ते २६ वयाची परदेशी मुलगी (मुलगेही येतात, पण थोडे) जे-वन व्हिसावर वर्षभर तुमच्या घरी राहते, दिवसाला जास्तीत जास्त १० आणि आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास मुलं सांभाळते. तिला स्वतःची खोली, जेवण, आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एक अख्खा शनिवार-रविवार, वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा आणि कॉलेजातल्या कोर्ससाठी ५०० डॉलरपर्यंत द्यायचे. स्टायपेंड तेव्हा आठवड्याला १९५.७५ डॉलर. हा विचित्र आकडा कुठून आला ते मी मित्रांना मोठ्या हौसेने समजावत असे: केंद्रीय किमान वेतन ७.२५, गुणिले ४५, त्यातून राहण्याजेवण्याचे ४० टक्के वजा. तो आकडा किमान आहे, त्याहून जास्त द्यायला कुणाची बंदी नाही, हे मात्र मी कुणाला समजावलं नाही. मला स्वतःलाच ते सुचलं नव्हतं.

मुलगी परस्पर शोधून आणता येत नाही. परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या मोजक्या एजन्सींपैकी एकीमार्फतच जावं लागतं. तिचा व्हिसाच त्या एजन्सीच्या आधारावर उभा असतो. म्हणजे एजन्सी निवडताना आपण आपल्यासाठी तर निवडतोच, पण अजून जिचं तोंडही पाहिलेलं नाही अशा एका मुलीसाठीही निवडत असतो. हे वाक्य मी आज लिहू शकतो. तेव्हा मी एक्सेल उघडलं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. माझ्या एक्सेलमध्ये एजन्सीची फी होती (तेव्हा वर्षाला आठ-दहा हजार डॉलरच्या आसपास), सवलती होत्या, उमेदवारांची संख्या, देश, व्हिडिओ मुलाखतीची सोय, पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, सगळं होतं. बायकोने दोन वर्षांखालच्या मुलांच्या अनुभवाचा रकाना घालायला लावला. इतक्या लहान मुलासाठी किमान २०० तासांचा नोंदवलेला अनुभव लागतो, असा नियमच आहे. तिच्या मनात न्यूटनची भीती होती. ते गाव आमच्यापासून फार लांब नाही. १९९७ मध्ये तिथल्या आठ महिन्यांच्या बाळाच्या मृत्यूबद्दल एका ब्रिटिश ओ-पेअरवर खटला चालला होता. ज्युरीने तिला खुनासाठी दोषी धरलं आणि न्यायाधीशांनी तो आरोप सदोष मनुष्यवधावर आणला. बॉस्टनच्या परिसरात ओ-पेअर म्हटलं की जुनी माणसं अजून त्या खटल्याची आठवण काढतात. आमचे सगळे रकाने त्या भीतीतून आलेले होते: ही मुलगी आमच्या घराचं काय वाईट करू शकेल? आमचं घर तिचं काय वाईट करू शकेल, असा रकाना नव्हता. आणि बिनसलं तर कोण येणार, केव्हा येणार, कुणाच्या बाजूने बोलणार, हेही कुठे नव्हतं. ऑफिसात एखाद्या पोराने फक्त सुरळीत चालेल तेवढंच तपासून प्रोग्रॅम पुढे पाठवला असता तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

पहिल्या एजन्सीच्या बाईंनी फोनवर पाऊण तास मला प्रश्न विचारले. सकाळी घरातून किती वाजता निघता? परत किती वाजता येता? ट्रॅफिक असेल तेव्हा? स्वयंपाक कोण करतं? घरात मांस शिजतं का? खोली कुठली देणार, आणि सध्या त्या खोलीत काय आहे? भारतातून कुणी राहायला येतं का? ते आले की मुलांच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा? या शेवटच्या प्रश्नावर मी म्हणालो, "हे जरा खाजगी होतंय." त्या शांतपणे म्हणाल्या, "ती तुमच्या घरातच राहणार आहे ना?" फोन ठेवल्यावर मी बायकोला सांगितलं की या एजन्सीची वागणूक उर्मट आहे. शेऱ्यांच्या रकान्यात तसं लिहूनही ठेवलं.

दुसऱ्या एजन्सीने अर्ज भरला त्याच दिवशी उमेदवारांची यादी उघडून दिली. फी कमी, वर लवकर नाव नोंदवण्याची सवलत. यजमान कुटुंबाची घरी येऊन मुलाखत घेणं एजन्सीला सक्तीचं असतं. त्यांच्या बाई आल्या, मसाला चहा प्यायल्या, दोन खोल्या पाहिल्या, मुलांशी गोड बोलल्या आणि फॉर्मवर खुणा करून गेल्या. खोली म्हणजे आमची पाहुण्यांची खोली, जिथे आई राहायची. तिच्या भिंतीतल्या कपाटात आमचं देवघर होतं. कपाटाची दारं त्या दिवशी बंद होती. बाईंनी विचारलं नाही, मीही उघडलं नाही.

मग कुटुंबाची ओळख करून देणारं पत्र लिहायचं असतं. मुली ते वाचून ठरवतात. मी लिहिलं की आम्हाला जगभरचे पदार्थ चाखायला आवडतात. खरं होतं, फक्त ते पदार्थ शाकाहारी असावे लागत. लिहिलं की आजी उन्हाळ्यात भेटायला येते आणि मुलांना तिचा फार लळा आहे. येते म्हणजे सहा महिने राहते, हे लिहिलं नाही. लांब दिवसांचे कामाचे तास सकाळी पावणेआठ ते संध्याकाळी पावणेसहा लिहिले. बरोबर दहा भरत होते. सहाच्या आत मी कधी घरी पोचलो होतो, ते मला आठवत नव्हतं.

जानेवारी २०१९ मध्ये ती कोलंबियाहून आली. तिचं नाव इथे लिहीत नाही. एव्हाना तिच्याबद्दल माझ्या तोंडून पुरेसं जाऊन चुकलं आहे. ओ-पेअर कामाची होती. मुलाला तिने महिन्याभरात स्वतःच्या हाताने जेवायला शिकवलं. आमची मुलगी तिच्यामुळे स्पॅनिशमध्ये रुसायला लागली. बर्फात गाडी चालवायची तिला धास्ती होती. तिच्या माहितीत "गाडी चालवते: होय" एवढंच लिहिलं होतं आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने संकोचत विचारलं, चिकन कुठे ठेवता? बायकोने हसून विषय अंड्यांवर नेला.

तिला येऊन फार दिवस झाले नव्हते तोच आमच्याकडे हळदीकुंकू झालं. तिला हौस वाटली. साडी नेसवून घेतली, तिळगूळ वाटला, फोटो काढले. पुढच्या शनिवारी शेजारच्या गावातल्या मैत्रिणींसाठी पुन्हा केलं. या वेळी ती तिळगूळ वाटून झाल्यावर कप विसळत होती, आणि दिवस तिच्या सुट्टीचा होता. कुणी तिला कप विसळायला सांगितलं नव्हतं. कुणी राहू दे असंही म्हणालं नाही. सांस्कृतिक देवाणघेवाण सोयीची होती. आम्ही संस्कृती देत होतो आणि बदल्यात कप धुऊन मिळत होते.

रोजचा उशीर पंधराएक मिनिटांचाच असे. घरात शिरताना मी दरवेळी ट्रॅफिकला शिव्या घालत शिरायचो, म्हणजे आपोआप माफी मागितल्यासारखं होई. पंधरा मिनिटांची आठवड्याला बेरीज किती होते, हे गणित येत नसायला मी काही कवी नव्हे.

मेमध्ये आई आली. ती आमच्या मुलीच्या खोलीत झोपायला लागली, पण देव होते ओ-पेअरच्या कपाटात. पहाटे सहाला आई दारावर टकटक करायची आणि उत्तराची वाट न बघता आत जायची. निरांजन, उदबत्ती, स्तोत्र. एकदा धुराचा अलार्म वाजला आणि ती पोर अंगात कोट चढवून मुलाला कडेवर घेऊन अंगणात जाऊन उभी राहिली. प्रशिक्षणात जसं शिकवलं होतं, अगदी तसंच. आईला हसू आलं. मी आईला म्हणालो, जरा सात वाजेपर्यंत थांबत जा. ती म्हणाली, "देवांना कुणाची परवानगी काढायची ते तूच सांग." मला सांगता आलं नाही. देव तिथून हलवणं हा एका दुपारचा उद्योग होता. पण तसं केलं तर आई येताच तिचे देव हलवले असं दिसेल, म्हणून मी ते टाळलं.

आई वाईट वागली असं म्हणणार नाही. तिने तिच्या परीने पोरीवर मायाच केली. पण मुलगा स्वतः खायला शिकलाय ते तिला बघवेना. ती वरणभात घेऊन त्याच्या मागे धावायची. ओ-पेअर बायकोने लिहून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे त्याला झोपवायची, आई उठवायची. "ही दिवसभर बसून काय करते? चार पोळ्या लाटायला तरी सांग," असं मला ऐकवायची, आणि मी "बघतो" म्हणायचो. ओ-पेअर आईविषयी सांगायला आली की तिलाही मी "बघतो" म्हणायचो. पहिल्या एजन्सीच्या त्या बाईंचा शेवटचा प्रश्न असा रोज माझ्या समोर उभा होता.

अशा वेळी एजन्सीची स्थानिक समन्वयक असते. नियमाप्रमाणे ती घरापासून तासाभराच्या अंतरात हवी आणि दर महिन्याला तिने दोन्ही बाजूंशी बोलायला हवं. आमची तासाच्या अंतरात होती, पण रूट १२८ मोकळा असेल तर. चहा प्यायलेल्या बाई काम सोडून गेल्या होत्या आणि नवीन बाईंच्या पदरात दोघींची कुटुंबं पडली होती. महिन्याचं बोलणं म्हणजे एक मेसेज: "सगळं छान ना?" मी अंगठा पाठवायचो. ओ-पेअरही अंगठाच पाठवायची. तक्रार केली तर परत पाठवतील, असं तिला वाटत असे. हे तिने निघताना बायकोला सांगितलं.

जूनमध्ये तिने रीमॅच मागितला. म्हणजे दुसरं घर शोधायचं. त्यासाठी साधारण दोन आठवडे मिळतात आणि तेवढ्यात कुणी घेतलं नाही तर मायदेशी परत. समन्वयक बाई तेव्हा प्रथम आमच्या घरी आल्या. बैठक झाली. ओ-पेअरने एक वही काढली, तीत रोजची वेळ लिहिलेली होती. माझं ट्रॅफिक तिने मिनिटांत मोजून ठेवलं होतं. बाईंनी वही पाहिली, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या की मागचं उकरण्यापेक्षा पुढचं बघू. त्या क्षणी मला त्यांचा फार आधार वाटला. फी मी भरली होती, आधारही मलाच मिळाला.

त्या दोन आठवड्यांत व्हर्जिनियातल्या एका आईचा मला फोन आला. नवीन घर आधीच्या घराला विचारतं, अशी पद्धत आहे. ती बाई नेमकं विचारत होती. मुलांशी कशी आहे? म्हटलं, चांगली आहे. गाडी कशी चालवते? म्हटलं, बर्फात जरा कच्ची आहे. व्हर्जिनियात जूनमध्ये किती बर्फ पडतो ते मला ठाऊक होतं. मग तिने विचारलं, तुमच्याकडून का निघते आहे? मी म्हणालो, "नाही जमलं." कुणाचं नाही जमलं, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खोटं एकही वाक्य बोललो नाही. फोन ठेवताना तिचा आवाज विचारात पडलेला होता, आणि मी बोलावं असे दोन-चार सेकंद मध्ये मोकळे होते.

त्या घराने तिला घेतलं नाही. मुदत संपता संपता टेक्सासमधल्या एका घराने घेतलं, तिथे तीन मुलं होती.

आमचं नुकसान विचाराल तर ते मोजता येण्यासारखं होतं. उरलेल्या महिन्यांची फी रोख परत मिळत नाही, पुढच्या मुलीसाठी खात्यात जमा दाखवतात. एवढी अट मी सही करण्याआधी वाचली असती तर बरं झालं असतं. मी रजा काढली. बायकोला एका मोठ्या कामातून बाजूला व्हावं लागलं आणि त्याबद्दल ती मला काही बोलली नाही, ते जास्त महाग पडलं. आमची मुलगी काही दिवस स्पॅनिशमध्येच रडली.

ती जमा रक्कम सोडून देऊन आम्ही पहिल्या एजन्सीकडे गेलो. त्याच बाई होत्या. त्यांनी माझी जुनी नोंद काढली आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही मधेच थांबला होतात. घरातला शेवटचा शब्द, इथे." मी या वेळी सगळं सांगितलं, वहीसकट. त्यांनी उमेदवारांची यादी न देता आधी स्थानिक समन्वयक पाठवली. ती शेजारच्या गावात राहायची, स्वतः कधीकाळी ओ-पेअर म्हणून आली होती. तिने खोलीत शिरताच कपाट उघडलं. देव जेवणाच्या खोलीतल्या साइडबोर्डवर आले. कामाची वेळ साडेआठला सुरू करायची ठरली आणि बायकोने सकाळ माझ्यावर टाकली. घराच्या नियमांच्या वहीत ओळ लिहिली गेली की आजी या घरात पाहुण्या आहेत. ते आईला फोनवर सांगायचं काम अर्थातच माझं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. मग पाहुण्यासारखा चहा आयता हातात आणून द्या."

दुसरी ओ-पेअर सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडहून आली, आणि २ डिसेंबरला बॉस्टनच्या फर्स्ट सर्किट अपील न्यायालयाचा निकाल लागला. आमच्या राज्याने, मॅसॅच्युसेट्सने, २०१४ मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा कायदा केला होता. तो ओ-पेअरला लागू नाही म्हणून एका एजन्सीने राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलविरुद्ध दावा लावला होता. न्यायालयाने म्हटलं, लागू आहे. म्हणजे राज्याचं किमान वेतन: तेव्हा तासाला १२ डॉलर, जानेवारीपासून १२.७५. चाळीस तासांपुढे दीडपट, खोलीचे आठवड्याला ३५ डॉलरच कापायचे, तासांची नोंद ठेवायची. पंचेचाळीस तासांचे आठवड्याला पाचशे डॉलरच्या पलीकडे जात होते. ओळखीतल्या दोन घरांनी कार्यक्रमच सोडला. त्याच वर्षी जानेवारीत, आमची पहिली ओ-पेअर आली त्याच महिन्यात, कोलोरॅडोतला दुसरा खटला ६.५५ कोटी डॉलरवर मिटला होता. सगळ्या एजन्सींनी मिळून तो १९५.७५ चा किमान आकडाच दर म्हणून गोठवला, अशी त्यात माजी ओ-पेअरची तक्रार होती. ज्या आकड्याची फोड मी कौतुकाने करून दाखवत होतो, त्यावर २०१४ पासून कोर्टात भांडण चालू होतं.

निकालानंतर समन्वयक आठवड्याच्या आत घरी आली. तिने आम्हा दोघांना आणि ओ-पेअरला एका टेबलाशी बसवलं आणि तिघांसमोर हिशेब मांडला. पहिल्या खेपेला मी पैसे नेमके याच बैठकीचे वाचवले होते. आम्ही तास कमी केले, मुलाला अर्धा दिवस शाळेत घातलं आणि नवीन दर दिला.

त्या रात्री बायकोने विचारलं, "मग पहिलीचं काय?" राज्याचा कायदा २०१५ पासून अमलात होता. मी तिच्या महिन्यांचा फरक काढला, तिच्या वहीतले तास धरून. आकडा बघितला, बायकोला सांगितला आणि फाइल सेव्ह केली. त्या पहिलीने काही मागितलं नाही. आम्ही पैसे पाठवले नाहीत. तिचा पत्ता आमच्याकडे नव्हता असंही नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळे घरात कोंडले गेले आणि ट्रॅफिक संपलं. माझं ऑफिस म्हणजे तळघर, तिथून वर यायला तेरा पायऱ्या. तरी एकदा कॉल लांबला, मी वर आलो तर टेबलावर तासांचा कागद पेनासकट माझीच वाट पाहत होता. पोलंडच्या मुलीने सुटायच्या वेळेसमोर ६:१५ लिहिलं होतं. मी म्हणालो, सहालाच संपलं होतं खरं म्हणजे, शेवटचं पाच मिनिटंच… तिने मुलाला माझ्याकडे दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी सही केली.